सोलापूरची दोन दिवसांची सहल : शहर, संशोधन-क्षेत्र आणि माळावरची फुले

सोलापूर जिल्ह्यातील शेतकऱ्यास शहराची वाट नवी नाही. कांद्याची पट्टी घेण्यासाठी, कचेरीतील कामासाठी, आजारी माणसास दवाखान्यात दाखवण्यासाठी, किंवा तुळजापूर, अक्कलकोट व पंढरपूर यांच्या वाटेवर गाडी बदलण्यासाठी तो वर्षातून अनेकदा येथे येतो. मात्र शहर पाहावे म्हणून तो क्वचितच येतो. आणि शहराबाहेरचे माळरानही पाहण्यासारखे आहे, हे तर त्याच्या मनातही येत नाही. ज्या माळावर रोज गुरे सोडावयाची, तो माळ पाहण्यासाठी सहल कशाला, असे कोणीही विचारील.

या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. रोजच्या माळाकडे आपण गुरांच्या पोटाच्या हिशेबाने पाहतो. पावसाळ्याच्या मध्यावर त्याच माळावर गुडघे टेकून पाहिले, तर जमिनीची जात, चराईचा भार, पिकाचे शत्रू आणि पिकाचे मित्र यांची नोंद तेथे फुलांच्या रूपाने मांडलेली दिसते. ती वाचावयास शिकणे हा शेतीच्याच शिक्षणाचा भाग होय. त्याला शहरातील ऐतिहासिक स्थळांची आणि कोरडवाहू शेतीच्या संशोधनाची जोड दिली, तर दोन दिवसांत व थोड्या खर्चात उत्तम सहल घडू शकते. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी अशी सहल कशी आखावी, याचा विचार येथे केला आहे.

सहल केव्हा काढावी

सोलापूर हा पर्जन्यछायेतील प्रदेश आहे. वर्षाचा पाऊस सरासरी ५५० मिलिमीटरच्या आसपास असून त्याचा मोठा वाटा सप्टेंबरात पडतो. त्यामुळे सह्याद्रीच्या माथ्यावरील फुलांचा हंगाम आणि सोलापूरच्या माळावरील हंगाम यांत फरक आहे. येथे पहिल्या पावसानंतर गवत उगवते, श्रावणात फुलांस प्रारंभ होतो आणि भाद्रपदात माळ खरा रंगतो.

परंतु शेतकऱ्याची सहल केवळ फुलांच्या सोयीने ठरत नाही. रब्बी ज्वारीची पेरणी सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, म्हणजे उत्तरा व हस्त या नक्षत्रांत साधावी लागते. त्या दिवसांत वाफसा मिळाला असता कोणीही शेतकरी घर सोडणार नाही, व त्याने सोडूही नये. तेव्हा मघा व पूर्वा नक्षत्रांचा काळ, म्हणजे ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंतचे दिवस, सहलीस योग्य ठरतात. खरिपाची पहिली खुरपणी तोवर आटोपलेली असते, रब्बीची घाई सुरू झालेली नसते आणि माळावर फुलेही आलेली असतात. पाऊस लांबला असेल, तर तारीख आठ-दहा दिवसांनी पुढे ढकलण्याची मोकळीक ठेवावी.

पूर्वतयारी

मंडळी वीस-पंचवीसांपेक्षा अधिक नसावीत. मोठा घोळका झाला की मागच्या माणसास काही दिसत नाही आणि माळ मात्र तुडवला जातो. मंडळींत निम्म्या तरी स्त्रिया असाव्यात, याकडे कार्यकर्त्यांनी विशेष लक्ष पुरवावे. शेतात खुरपणी करणाऱ्या स्त्रियांना तणांची आणि रानभाज्यांची जितकी नावे ठाऊक असतात, तितकी कोणासही ठाऊक नसतात. केना, पाथरी, कुर्डू, तांदुळजा, घोळ यांतील कोणते पान कोवळे असताना शिजवावे आणि कोणते टाळावे, हे ज्ञान त्यांच्यापाशी आहे. सहलीत त्यांनी शिकवावे आणि इतरांनी ऐकावे, हेच योग्य.

संशोधन-क्षेत्रास आणि वनविभागास निदान पंधरा दिवस अगोदर पत्र पाठवून दिवस व वेळ ठरवून घ्यावी. प्रत्येकाजवळ पाण्याची बाटली, टोपी अथवा टापर, पायांत बंद जोडे आणि हातात काठी असावी. गवतात घोणस असण्याचा संभव असतो. पाय टाकण्यापूर्वी काठीने गवत हलवावे. गटात एखादे भिंग, एक वही आणि दोन पेन्सिली असल्या म्हणजे पुरे. शिदोरीस कडक भाकरी आणि शेंगांची चटणी यांसारखी दुसरी सोय नाही. ती न नासता टिकते आणि सोलापुरात दोन्ही विकतही मिळतात.

पहिला दिवस : शहर

सकाळच्या गाडीने पोचल्यावर प्रथम सिद्धेश्वर मंदिर पाहावे. बाराव्या शतकातील संत सिद्धरामेश्वर हे या गावाचे ग्रामदैवत. बसवेश्वरांच्या काळातील या शिवशरणाने लोकांकडून तलाव खोदवून घेतला. त्याच तलावाच्या मध्यावर आज मंदिर उभे आहे. त्यांनी गावाच्या परिसरात अडुसष्ट लिंगांची स्थापना केली, अशी श्रद्धा आहे. मकरसंक्रांतीस भरणारी गड्डा यात्रा आणि तिच्यातील नंदीध्वजांची मिरवणूक प्रसिद्धच आहे. परंतु शेतकऱ्याने येथे एक गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी. पाऊस कमी पडणाऱ्या मुलखात ज्याने पाणी अडवले, त्याला लोकांनी देव मानले. पाणी अडवण्याच्या कामाला या भूमीत किती जुना मान आहे, हे या मंदिराच्या पायऱ्यांवर उभे राहिले म्हणजे कळते.

तलावास लागूनच भुईकोट किल्ला आहे. त्याचा प्रारंभ बहमनी काळात झाला. दुहेरी तटबंदी, बुरूज आणि खंदक अशी त्याची रचना असून एका अंगाने तलावाचे पाणी त्याचे रक्षण करीत असे. तटाच्या दगडांच्या सांध्यांतही पावसाळ्यात लहान-मोठ्या रानवनस्पती उगवलेल्या दिसतात. मूठभर मातीवर जीव कसा तग धरतो, याचा तो पहिला पाठ समजावा.

त्यानंतर चार हुतात्म्यांच्या स्मारकाकडे जावे. १९३० च्या सविनय कायदेभंगाच्या चळवळीत सोलापुरात इंग्रज सरकारने लष्करी कायदा पुकारला. मल्लप्पा धनशेट्टी, अब्दुल रसूल कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकृष्ण सारडा या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवडा येथे फाशी देण्यात आले. वेळ असल्यास डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे स्मारकही पाहावे. १९१० मध्ये सोलापुरात जन्मलेला हा डॉक्टर युद्धग्रस्त चीनमध्ये जखमींची सेवा करता करता १९४२ मध्ये मरण पावला.

सोलापूर हे विणकरांचेही शहर आहे. १८७७ मध्ये येथे पहिली कापडगिरणी निघाली. गिरण्यांचे ते युग संपले असले, तरी चादरी आणि टॉवेल विणणारे माग शहराच्या पूर्व भागात आजही चालतात. या भागात तेलुगुभाषी पद्मशाली समाजाची मोठी वस्ती आहे. येथील फुलांशी या वस्तीचे नाते फार जवळचे आहे. भाद्रपदी अमावास्येपासून येथील स्त्रिया बतुकम्मा हा सण साजरा करतात. फुलांचे थरावर थर रचून उतरंड करतात आणि तिच्याभोवती फेर धरून गाणी म्हणतात. त्या उतरंडीत मान असतो तो तरवडाच्या पिवळ्या फुलांना आणि कुर्डूच्या गुलाबी-पांढऱ्या तुऱ्यांना. तरवडाला तेलुगूत तंगेडू म्हणतात, आणि तेलंगणाने तेच आपले राज्यपुष्प मानले आहे. शेतकरी ज्याला तण म्हणून उपटतो, ते गावाहून आलेल्या विणकराच्या घरी देवी होऊन बसते. दुसऱ्या दिवशी माळावर हीच फुले पाहताना ही गोष्ट आठवावी.

संशोधन-क्षेत्रावर

दुपारचा वेळ महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या सोलापूर येथील विभागीय संशोधन केंद्रासाठी राखून ठेवावा. कोरडवाहू शेतीचे शास्त्रशुद्ध संशोधन देशात ज्या मोजक्या ठिकाणी १९३३ च्या सुमारास सुरू झाले, त्यांत सोलापूर होते. एन. व्ही. कानिटकर व त्यांचे सहकारी यांनी पावसाचे पाणी जमिनीवरून किती वाहून जाते, बरोबर किती माती नेते आणि किती पाणी मुरते, याची मोजदाद येथे केली. बांधबंदिस्ती, शेणखत, विरळ पेरणी आणि वारंवार कोळपणी या गोष्टींवर भर देणारी जी पद्धत ‘मुंबई कोरडवाहू पद्धत’ म्हणून प्रसिद्ध झाली, तिचा पाया अशाच कामातून घातला गेला. याच जिल्ह्यात मोहोळच्या केंद्रावर स्थानिक मालदांडीतून निवड होऊन मालदांडी ३५-१ ही रब्बी ज्वारी पुढे आली आणि पिढ्यान्‌पिढ्या शेतकऱ्यांच्या पसंतीस उतरली.

डाळिंब लावणाऱ्या मंडळींना केगाव येथील राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रही पाहता येईल. ते २००५ मध्ये सुरू झाले. तेथे जाण्यापूर्वी प्रत्येकाने आपल्या बागेतील एकच अडचण निवडून ती थोडक्यात लिहून न्यावी. ‘सगळे सांगा’ असे विचारणाऱ्यास काहीच मिळत नाही. नेमके विचारणाऱ्यास नेमके उत्तर मिळते.

दुसरा दिवस : माळावरची फुले

दुसऱ्या दिवशी पहाटेच निघावे. केना, हरणखुरी, विष्णुक्रांता यांची फुले सकाळी उमलतात आणि ऊन चढले की मिटतात. नऊला निघालेल्या मंडळींना निम्मी फुले दिसत नाहीत, आणि मग ‘माळावर आहे काय?’ असे म्हणून ती परततात. बार्शी रस्त्याने सुमारे वीस किलोमीटरवर नान्नज गाव आहे. त्याच्या आसपास माळढोक अभयारण्याची कुरणे आहेत. येथे वनविभागाच्या परवानगीने, त्यांनी दाखवलेल्या वाटेनेच चालावे. अन्य ठिकाणी गावाचे गायरान, रस्त्याची कड आणि शेताचे बांध एवढी जागा पुरेशी आहे.

साताऱ्याच्या कास पठारावर फुलांचे गालिचे पसरतात. सोलापूरच्या माळावर तसे काही नसते. येथील फूल लहान, विखुरलेले आणि जमिनीलगत असते. ते पाहण्यास वाकावे लागते. चालण्याचा वेगही त्यानुसार हवा. तासाभरात अर्धा किलोमीटर झाला तरी पुष्कळ झाले.

प्रथम गवत पाहावे, कारण माळाचे पीक गवत हेच आहे. जेथे चराईला आळा आहे तेथे पवन्या आणि मारवेल ही उत्तम चाऱ्याची गवते दाट उभी असतात. चराई वाढली की ती मागे हटतात आणि कुसळी पुढे येते. त्याहूनही अधिक झिजलेल्या माळावर गवत विरळ होऊन तरवड आणि टाकळा यांचेच राज्य होते. जनावरे सहसा त्यांना तोंड लावीत नाहीत. कोणत्याही गावाच्या गायरानात शंभर पावले चालून यांतील कोण किती आहे हे मोजले, तर त्या गायरानाची प्रकृती कोणत्याही कागदापेक्षा अधिक स्पष्टपणे कळते. तरवडाचे फूल सुंदर आहे यात शंका नाही. त्याची साल चामडे कमावण्यासही उपयोगी पडत आली आहे. पण सारा माळ पिवळा दिसू लागला, तर ते वैभवाचे लक्षण नव्हे, हे जाणत्याने ओळखावे.

गवताच्या बुडाशी विष्णुक्रांतेची टाचणीच्या डोक्यापेक्षा थोडी मोठी, निळीशार फुले दिसतील. उन्हाळी या झुडपाची जांभळी फुले मुरमाड जागेत आढळतात. ही द्विदल वनस्पती असून तिच्या मुळांवरील गाठींत हवेतील नत्र साठते. सराट्याचे पिवळे फूल मोकळ्या जमिनीवर, आणि हरणखुरीचे फिकट गुलाबी फूल काळ्या जमिनीच्या बांधावर शोधावे. कुंपणावर कळलावीची लाल-पिवळी, ज्वाळेसारखी फुले आढळली, तर पाहून डोळ्यांचे पारणे फेडावे, पण मुलांना हात लावू देऊ नये. तिचा कंद अत्यंत विषारी आहे.

पिकाचे शत्रू ओळखावे

माळावरून परतताना एखाद्या खरीप ज्वारीच्या शेतात मालकाच्या अनुमतीने शिरावे. ताटांच्या बुडाशी नाजूक फुलांची इवलीशी झाडे दिसली, तर ती टारफुल्याची असण्याचा संभव आहे. हे झाड ज्वारीच्या मुळांना चिकटून तिचा रस शोषते. ते जमिनीवर दिसू लागते, तोवर अर्धे नुकसान होऊन गेलेले असते. एका झाडास धुळीसारखे हजारो बी येते आणि ते अनेक वर्षे जमिनीत जिवंत राहते. म्हणून फूल धरण्यापूर्वीच ते उपटून नष्ट करावे, आणि त्या शेतात ज्वारीवर ज्वारी न घेता फेरपालट करावी. दिसावयास मोहक असलेले हे फूल एकदा डोळ्यांत ठसले, की पुढे विसरत नाही. सहलीचा खर्च एवढ्यानेही भरून निघेल.

गाजरगवताची बारीक पांढरी फुले रस्त्याच्या कडेने सर्वत्र दिसतील. हे झाड मूळचे अमेरिका खंडातील. १९५० नंतरच्या दशकात ते महाराष्ट्रात प्रथम नजरेस आले आणि पाहता पाहता देशभर पसरले. त्याच्या स्पर्शाने अंगास खाज सुटते आणि परागांमुळे दम्याचा त्रास वाढतो. ते फुलण्यापूर्वी, हातमोजे घालून मुळासकट उपटावे. त्याची पाने खाणारे मेक्सिकन भुंगे १९८४ पासून आपल्या देशात सोडण्यात येत आहेत. पानांवर पिवळट, काळ्या रेघांचे भुंगे दिसल्यास त्यांना मारू नये; ते आपले सोबती आहेत.

फुलांवर बसणाऱ्या मधमाश्यांकडेही पाहावे. बांधावरील रानफुले ही त्यांची पावसाळ्यातील शिदोरी आहे. पुढे सूर्यफूल फुलते, कांद्याचे बियाणे धरते, तेव्हा याच माश्या परागीभवनाचे काम करतात. बांध तणनाशकाने जाळून काढणाऱ्याने हा हिशेबही मनात धरावा.

माळढोकाचा धडा

नान्नज परिसर ज्या पक्ष्यासाठी ओळखला गेला, तो माळढोक आता येथे क्वचितच आढळतो. मीटरभर उंचीचा आणि नर पंधरा किलोपर्यंत वजनाचा हा पक्षी टोळ, नाकतोडे व भुंगे खातो. मादी पावसाळ्यात उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालते. एखाद्या गुराचा, कुत्र्याचा अथवा हौशी प्रवाशाचा पाय पडला की एका वर्षाची वीण संपली. फुलांचा हंगाम आणि पक्ष्यांच्या विणीचा हंगाम एकच असल्यामुळे वाट सोडून चालू नये, हा नियम येथे केवळ शिस्तीसाठी नाही.

१९७९ मध्ये अभयारण्य जाहीर झाले, तेव्हा त्याचे क्षेत्र ८,४९६ चौरस किलोमीटर होते. त्यात गावे आणि खासगी शेतेही आली. जमिनीच्या व्यवहारांवर बंधने पडल्याने शेतकऱ्यांत नाराजी पसरली आणि पुढे हे क्षेत्र बरेच कमी करण्यात आले. दरम्यान माळ नांगरले गेले, काही ठिकाणी गवत काढून झाडे लावण्यात आली आणि विजेच्या तारा वाढल्या. २०११ मध्ये हा पक्षी जगातील अतिसंकटग्रस्त जातींत गणला गेला. आज तो मुख्यतः राजस्थानात उरला आहे, आणि तेथे २०१९ पासून अंडी उबवून पिल्ले वाढवण्याचा प्रयत्न चालू आहे.

यातून घेण्याचा धडा असा, की कागदावर ‘पडीक’ म्हणून नोंदलेली जमीन पडीक असतेच असे नाही. माळरान हे अर्धवट राहिलेले रान नव्हे. कमी पावसाच्या, उथळ मुरमाड जमिनीवर निसर्गाने बसवलेले ते पूर्ण पीक आहे. त्यावर काळवीट, लांडगा आणि चंडोल जगतात, तसेच धनगराची मेंढरे आणि कुणब्याची गुरेही जगतात. तेथे खड्डे खणून झाडे लावण्याआधी तेथील गवत कोणते, हे पाहणे आवश्यक आहे.

परतीच्या वाटेवर

शहरात परतल्यावर दुपारी तुळजापूर रस्त्यावरील हिप्परगा, म्हणजेच एकरुख तलाव पाहावा. आदिला नदीवर बांधलेला हा मातीचा बंधारा १८७१ मध्ये पूर्ण झाला आणि शतकाहून अधिक काळ पाणी देत आला आहे. हिवाळ्यात येथे दूरदेशचे पाणपक्षी उतरतात. आणखी अर्धा दिवस हाती असलेल्यांनी हैदराबाद रस्त्याने सुमारे पंचेचाळीस किलोमीटरवरील नळदुर्गचा किल्ला पाहावा. बोरी नदीवरील बांधाच्या पोटात आदिलशाही काळात बांधलेला पाणीमहाल आणि पुराच्या दिवसांत कोसळणारे ‘नर-मादी’ धबधबे तेथे आहेत. पाण्याला जोर असेल तेव्हा ते दुरूनच पाहावेत.

सहलीनंतर काय करावे

सहल घरी पोचल्यावर संपू नये. आठ दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत बैठक घेऊन वहीतील नोंदी वाचाव्यात. कोणती वनस्पती कोठे दिसली, तिचे गावातील नाव काय, ती चारा आहे, भाजी आहे, औषध आहे की शत्रू, अशी चार रकान्यांची यादी करून शाळेच्या भिंतीवर लावावी. कन्नड अथवा तेलुगू बोलणारी मंडळी असतील, तर त्या भाषांतील नावेही लिहावीत.

त्यानंतर गावाच्या गायरानाचा एक तुकडा निवडावा. तो पाच एकरांचा असला तरी चालेल. पुढील पावसाळ्यात त्यावर चराई बंद ठेवावी. गवत फुलोऱ्यावर येताच, म्हणजे त्यातील कस उतरण्यापूर्वी आणि कुसळे धरण्यापूर्वी, विळ्याने कापून सर्वांनी वाटून घ्यावे. कुसळे धरलेले गवत जनावरांच्या तोंडास इजा करते आणि पोषणही कमी देते. काही भाग बी पडण्यासाठी उभा सोडावा. दोन-तीन पावसाळ्यांनंतर त्या तुकड्यात पवन्या व मारवेल किती परतले, हे कुंपणाबाहेरच्या माळाशी ताडून पाहावे. ज्या मंडळींनी सहलीत गवत ओळखावयास शिकून घेतले, त्यांनाच ही मोजणी करता येईल.

दुष्काळात कडबा महाग झाला, की प्रत्येकाला गायरानाची आठवण होते. तोवर ते झिजून गेलेले असते. ती आठवण चांगल्या पावसाच्या वर्षी, माळ फुलांनी भरलेला असताना व्हावी, यासाठीच पावसाळ्यातील दोन दिवस काढावयाचे आहेत.